पाणवनस्पतींची सरहद्द आणि बास मासा

मिसिसिपी नदी जेथे उगम पावते त्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे सरकारी दप्तरी नोंदलेली आहेत. हिमयुगाच्या अखेरीस उत्तरेकडे माघार घेणाऱ्या हिमनद्यांनी मागे टाकलेले बर्फाचे प्रचंड तुकडे मातीवाळूच्या थरांखाली गाडले गेले, कालांतराने वितळले, आणि त्यांच्या जागी जे खळगे उरले त्यांत यांपैकी पुष्कळशा जलाशयांचा जन्म झाला; म्हणून त्यांचे तळ आपल्याकडील धरणांप्रमाणे बुडालेल्या नदीखोऱ्याचे नसून, कोठे उथळ पठार, कोठे अकस्मात उतार, कोठे वाळूचा उंचवटा तर कोठे काळ्या गाळाने भरलेली खाडी, अशा विस्कळीत रचनेचे असतात. या उथळ भागांवर उन्हाळ्यात पाणवनस्पतींचे इतके दाट रान माजते की, गळ घेऊन प्रथमच आलेल्या माणसाला ते आपले वैरी वाटावे. आमिष टाकावे तर ते अडकते, ओढावे तर पाणगवताचा भारा वर येतो, होडीच्या पंख्याला देठांचे वेढे पडतात; आणि तो मनुष्य साहजिकच मोकळ्या, स्वच्छ, खोल पाण्याकडे वळतो. परंतु ज्याच्यासाठी तो एवढा प्रवास करून आलेला असतो तो बास मासा त्या मोकळ्या पाण्यात बहुधा नसतोच. त्याचे जनन, त्याचे बालपण, त्याचे अन्न आणि त्याचा आश्रय ही सारी त्याच रानाशी जखडलेली असतात, आणि ते रान ऋतूगणिक उगवते, फोफावते, कुजते व ओसरते. बास कोठे असेल या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर त्या वेळी कोणती वनस्पती कोठे हिरवी आणि जिवंत आहे हे आधी शोधले पाहिजे, एवढेच या प्रकरणाचे प्रतिपादन आहे.

हा मासा समुद्रातल्या बासांचा निकटचा आप्त नव्हे. तो उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील सनफिश कुळाचा घटक असून, हाताच्या पंजाएवढे ब्लूगिल मासे, ज्यांवर त्याची पुष्कळशी उपजीविका चालते, तेही त्याच कुळातले आहेत. त्याचा जबडा एवढा लांब असतो की तोंड मिटले असतानाही त्याची कड डोळ्याच्या मागे जाते, आणि ते तोंड एका क्षणात उघडून तो भक्ष्याला पाण्यासकट आत ओढून घेतो. दीर्घ पाठलाग हा त्याचा धर्म नव्हे. हिरवट पाठ आणि कुशीवरून गेलेला काळपट, तुटक पट्टा यांच्या योगाने देठांच्या छायेत दिसेनासे व्हावे, निश्चल राहावे, आणि भक्ष्य हातभर अंतरावर आले की झेप घ्यावी, अशी त्याची रीत आहे. आपल्याकडील तळ्यांत मरळ मासाही असाच वनस्पतींच्या आडोशाने राहतो, आपल्या पिलांची राखण करतो आणि बेडकाच्या आमिषाला भुलतो. ज्यांनी मरळ धरला आहे त्यांना बासचा स्वभाव परका वाटणार नाही. व्यवसायाने वैद्य असलेल्या डॉ. जेम्स हेनशॉल यांनी १८८१ साली सिनसिनाटी येथे ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा प्रतिष्ठित गळवाल्यांच्या लेखी ट्राउट आणि सामन यांच्यापुढे बासला मान नव्हता; आज तो अमेरिकेतील सर्वाधिक लोकप्रिय क्रीडामत्स्यांपैकी एक आहे. जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी याने धरलेला बावीस पौंड चार औंसांचा बास आजही जागतिक विक्रमात आहे, आणि २००९ साली जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने त्याच्याशी बरोबरी केली. परंतु ते उष्ण मुलखाचे वैभव होय. जेथे वर्षातील चार-पाच महिने पाण्यावर बर्फाचे छत असते तेथे माशाची वाढ मंद होते, आणि दोन किलोंचा बास हा मिनेसोटात समाधान मानावे असाच मासा ठरतो.

आता रानाकडे वळू. आपल्या शाळांत प्रकाशसंश्लेषण शिकविताना हायड्रिलाच्या फांद्या काचेच्या भांड्यात ठेवून त्यांवर नरसाळे उपडे घालतात, आणि वरच्या परीक्षानळीत जमणारे प्राणवायूचे बुडबुडे मुलांना दाखवितात. तो प्रयोग ज्याच्या स्मरणात असेल त्याला सरोवराचा अर्धा व्यवहार समजलाच म्हणावयाचा, कारण सूर्य वर असताना पाण्यातील प्रत्येक हिरवे पान हेच करीत असते, आणि अंधार पडला की तेच रान प्राणवायू खर्च करू लागते. हायड्रिला ही आशिया खंडातील वनस्पती; १९५० नंतरच्या दशकात शोभिवंत माशांच्या टाक्यांसाठी ती फ्लॉरिडात नेली गेली आणि तेथील जलाशयांत तिने असा मुलूख व्यापला की सरकारला तिच्या निर्मूलनावर अतोनात खर्च करावा लागला, तरीही बास धरणारे तिच्या कडेने होड्या लावीतच राहिले. मिनेसोटातील रान मात्र निराळ्या मिश्रणाचे आहे. कठीण, वाळूच्या तळावर लव्हाळ्याच्या जातीचे सरळ, पर्णहीन देठ पाण्याबाहेर डोकावतात. मऊ गाळाच्या काठाला पाणकणसाची दाटी असते. खाड्यांमधून कुमुदिनीची रुंद पाने पाण्यावर पसरतात. पाण्याखाली रुंद, तांबूस पानांचे पाँडवीड, ज्याला तेथील लोक ‘कॅबेज’ म्हणतात, आणि आपल्याकडील पाण्यातही आढळणारी, मुळे नसलेली, सुईसारख्या पर्णचक्रांची ‘कूनटेल’ या दोन वनस्पती बासच्या दृष्टीने अग्रगण्य होत. या यादीतील एखादे नाव विसरले तरी चालेल, पण प्रत्येक वनस्पती ही तळाच्या जातीचा दाखला असते, ही गोष्ट विसरून चालणार नाही: जेथे कूनटेल संपून कॅबेज सुरू होते तेथे बहुधा खाली गाळही संपून घट्ट जमीन सुरू झालेली असते, आणि असा पालट जेथे होतो तेथे मासा थांबतो.

हे रान किती खोलवर उतरेल याचा निर्णय प्रकाश करतो. इटालियन धर्मगुरू आणि ज्योतिर्विद आंजेलो सेक्की याने १८६५ साली एक पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडून ती कोठवर दिसते हे मोजले. तीच तबकडी, काळ्या-पांढऱ्या चतकोरांत रंगविलेली, आज सरोवरांच्या निर्मलतेचे माप म्हणून सर्वत्र वापरली जाते. पाणी गढूळ असेल तर वनस्पती पाच-सहा फुटांवरच संपतात. निर्मळ असेल तर पंधरा फूट किंवा त्याहूनही खोल जातात. येथे बासचाही हात असतो, ही मोठी रम्य गोष्ट आहे. मिशिगन आणि विस्कॉन्सिन यांच्या सीमेवरील लहान सरोवरांत स्टीफन कार्पेंटर, जेम्स किचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली एका सरोवरातील बहुतेक बास काढून दुसऱ्यात सोडले आणि तेथील लहान मासे पहिल्यात आणले. जेथे बास आले तेथे लहान मासे घटले, लहान मासे ज्यांना खात ते सूक्ष्म जलजीव वाढले, त्यांनी तरंगते शैवाल फस्त केले, आणि पाणी निवळले. जेथे पाणी निवळते तेथे प्रकाश खोल जातो, आणि प्रकाशापाठोपाठ हिरवळही खोल उतरू शकते.

रान जितके दाट तितके मासे अधिक, असा कोणी ग्रह करून घेईल तर तो फसेल. देठांची दाटी वाढत गेली की बासची शिकार यशस्वी होण्याचे प्रमाण उतरत जाते, हे प्रयोगशाळेतील टाक्यांत कृत्रिम देठ लावून संशोधकांनी दाखविले आहे. अतिदाट रानात ब्लूगिल सुखरूप राहतात आणि बास उपाशी. याच्या उलट, रान मुळीच नसेल तर बासची पिले कोठे लपणार, आणि ब्लूगिल तरी कशासाठी येणार? म्हणून मध्यम दाटी, आणि दाट व मोकळे यांची सरहद्द, हीच बासची खरी वतनभूमी होय. जुन्या गावकुसाच्या भिंतीला वेशी, खिंडारे आणि कोपरे असत तशीच पाणवनस्पतींची ही कडाही कधी सरळ नसते. तिला बाहेर झेपावलेली टोके असतात, आत वळलेले कोनाडे असतात, मधेच वाळूची रिकामी जागा असते. मैलभर लांबीच्या कडेवर मासे समान अंतराने वाटून दिलेले नसतात. ते या वळणांवर गोळा होतात, आणि कुशल गळवाल्याचा निम्मा वेळ ही वळणे हुडकण्यातच जातो.

वर्षाचा प्रारंभ बर्फ फुटण्यापासून धरावा. दक्षिण मिनेसोटात हे साधारणतः एप्रिलच्या पूर्वार्धात घडते, उत्तरेत एप्रिलअखेर किंवा मे उजाडतो. पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, हा जो सिद्धांत आपण होपच्या उपकरणाच्या आधारे शिकलो, त्याचा साक्षात प्रत्यय या वेळी येतो: संपूर्ण सरोवर एकाच तपमानाचे होऊन वाऱ्याने तळापर्यंत ढवळले जाते. मग सूर्य आपला पक्षपात सुरू करतो. उत्तर काठाच्या खाड्या उत्तरेच्या गार वाऱ्यापासून सुरक्षित आणि दक्षिणेच्या उन्हाला सन्मुख असतात. त्यांचा काळा तळ उष्णता शोषतो. आणि मुख्य जलाशय अद्याप गारठलेला असतानाच अशा खाड्यांतील पाणी दुपारपर्यंत दोन-तीन अंशांनी अधिक ऊन होते. पाणी दहा अंशांच्या आसपास आले की बास तिकडे सरकू लागतो. या वेळी रान नसते असे वाटते, पण ते बीजरूपाने असते. कुमुदिनीचे जाड कंद गाळातून उघडे पडलेले असतात, गेल्या वर्षीच्या लव्हाळ्यांचे तपकिरी बुंधे उभे असतात, आणि कुरळ्या पानांचे पाँडवीड, जे हिवाळ्यात बर्फाखालीच वाढू लागते, ते इतर सर्व वनस्पती निद्रिस्त असताना हिरवेगार दिसते. वर्षातला पहिला हिरवा आडोसा तोच. ही वनस्पती परदेशातून आलेली आणि सरोवरतज्ज्ञांना नकोशी झालेली असली, तरी वसंताच्या आरंभी बास तिच्यापाशी असतो हे निर्विवाद आहे. त्याचे रक्त अजून थंड, हालचाली मंद. म्हणून आमिषही मंदगतीने, थांबत थांबत, दुपारच्या उन्हात त्या कंदांवरून न्यावे, आणि पहाटे उठण्याचा जो शिरस्ता सर्व गळवाल्यांना प्रिय आहे तो या महिन्यापुरता बाजूस ठेवावा.

पाणी सोळा ते वीस अंशांच्या दरम्यान आले की विणीचा काळ येतो. मिनेसोटात तो बहुधा मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत असतो. नर एक ते चार फूट पाण्यात, शक्यतो वाळूच्या घट्ट तळावर, शेपटीच्या फटकाऱ्यांनी गाळ उडवून थाळीसारखा खळगा करतो. लव्हाळ्यांच्या बुंध्याजवळ असे कितीतरी फिकट वर्तुळाकार खळगे शांत पाण्यात डोळ्यांना दिसतात. मादी अंडी घालून निघून जाते, आणि त्यानंतर अंड्यांना पंखाने वारा घालणे, ब्लूगिलांना हाकलणे, अंडी फुटल्यावर पिलांच्या काळ्या थव्याबरोबर कित्येक दिवस हिंडणे, ही सर्व जबाबदारी नर एकट्याने पार पाडतो. या काळात तो क्वचितच अन्न घेतो, परंतु घरट्यात शिरणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतो, आणि म्हणूनच तो धरावयास अत्यंत सोपा असतो. त्याला घरट्यावरून उचलले की टपून बसलेले ब्लूगिल काही मिनिटांत अंड्यांवर धाड घालतात. मासा नंतर सोडून दिला तरी तेवढ्यात वीण नष्ट झालेली असू शकते. मिनेसोटाच्या मत्स्यखात्याने बास ठेवून घेण्याचा हंगाम मेच्या अखेरच्या भागापर्यंत बंद ठेवण्याची जी वहिवाट चालविली तिचे मर्म यातच आहे. कायद्याची मुदत आणि पाण्याचे तपमान प्रत्येक वर्षी जुळतेच असे नाही, म्हणून हंगाम खुला झाल्यावरही जो नर घरट्यावर उभा दिसतो त्याला आम्ही हात लावू नये असेच आग्रहाने म्हणू. त्या वेळी माद्या जवळच्याच पहिल्या हिरव्या कडेपाशी, आठ-दहा फूट पाण्यात, विसावलेल्या असतात. ज्याला मासा हवा आहे त्याने तेथे जावे.

जूनच्या अखेरीस एक घटना घडते, जिच्याकडे दुर्लक्ष केल्याने पुष्कळांचा हंगाम वाया जातो. ज्या कुरळ्या पाँडवीडने वसंतात बासला आसरा दिला, ते आपले आयुष्य संपवून जूनअखेर ते जुलैच्या प्रारंभी कोसळते. त्याचे देठ पिवळे पडून गळतात, कुजू लागतात, कुजण्यात प्राणवायू खर्च होतो, आणि दोन आठवड्यांपूर्वी जेथे मासे होते तेथे आता तपकिरी राड उरते. त्याच सुमारास कॅबेज, कूनटेल आणि इतर वनस्पती भरास येतात, कुमुदिनीची पाने छप्पर घालतात, आणि बासची सारी वस्ती स्थलांतर करते. गेल्या महिन्याच्या जागेवर निष्ठा ठेवून बसणारा मनुष्य मासा रुसला असे समजतो. मिनेसोटातील ब्रेनर्ड गावाहून अल आणि रॉन लिंडनर या बंधूंनी १९७५ साली ‘इन-फिशरमन’ हे नियतकालिक सुरू केले, आणि वर्षाची विभागणी तारखांऐवजी पाण्याच्या व माशाच्या अवस्थांवरून करावयास सामान्य गळवाल्यांना शिकविले. हा या विद्येतला एक मोठा टप्पा होय, कारण त्यामुळे ‘कोणत्या तारखेला’ हा प्रश्न मागे पडून ‘सरोवर कोणत्या अवस्थेत आहे’ हा प्रश्न पुढे आला.

ग्रीष्माचे स्वरूप समजण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातील एडवर्ड बर्ज यांचे स्मरण केले पाहिजे. मॅडिसन शहराच्या कडेला असलेल्या मेंडोटा सरोवरात वर्षानुवर्षे तपमापक सोडून त्यांनी आणि पुढे चॅन्सी जुडे यांनी दाखविले की, उन्हाळ्यात सरोवराचे थर पडतात: वर ऊन व हलके पाणी, खाली थंड व जड पाणी, आणि मध्ये तपमान झपाट्याने उतरणारा एक पातळ पडदा. वारा वरचा थर ढवळतो, पण तो पडदा त्याला ओलांडता येत नाही. आणि सुपीक सरोवरांत खालच्या थरातील प्राणवायू कुजणाऱ्या द्रव्यापायी संपत जातो. लोक म्हणतात, उन्हाळ्यात मासा गारव्यासाठी तळाशी जातो. बासच्या बाबतीत हे खरे नाही; ऊन पाणी त्याला मानवते, आणि अशा सरोवरात त्या तळाशी त्याला श्वासही घेता येणार नाही. तो राहतो वरच्या थरात, जेथे हिरवी पाने दिवसा प्राणवायू सोडतात, जेथे छाया आहे आणि जेथे ब्लूगिल व पर्च मासे आणि क्रेफिश नावाचे झिंगे आहेत. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचे तपमान चोवीस ते सत्तावीस अंश असताना वनस्पतींची बाहेरची, खोल पाण्याकडील कडा हे त्याचे मुख्य ठाणे बनते.

या कडेचा शोध आता ध्वनिमापक यंत्राच्या पडद्यावर सहज लागतो, परंतु तिची पुरती ओळख आमिषाच्याच स्पर्शाने होते. जड शिशाचे डोके असलेला जिग किंवा रबरी किडा कडेवर टाकून दोरी ताणलेली ठेवावी: कॅबेजच्या पानात अडकलेला गळ हलक्या झटक्याने पान फाडून मोकळा होतो, कूनटेलमध्ये अडकलेला गळ मात्र लवचीक ओझे घेऊन परत येतो, आणि शेवाळलेल्या, मरत्या देठांचा स्पर्श मऊ व निर्जीव लागतो. काही दिवसांच्या अभ्यासाने बोटांना हा भेद कळू लागतो. ओहायो राज्यातील अक्रन येथील निक क्रीम याने १९४९ साली मऊ कृत्रिम किडा बाजारात आणला, आणि पुढे टेक्सासमध्ये गळाचे टोक त्या किड्याच्याच अंगात लपवून पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन सरकते ठेवण्याची युक्ती रूढ झाली. या दोन गोष्टींनी दाट रान गळवाल्यांना खुले केले. टोक लपलेले असल्यामुळे आमिष देठांतून निसटत खाली जाते, आणि माशाने ते तोंडात घेतल्यावर जोराने काठी उचलली की टोक रबरातून बाहेर येऊन जबड्यात रुतते. आमिष खाली पडत असतानाच बास ते बहुधा घेतो, आणि त्या वेळी हाताला धक्का लागतोच असे नाही. दोरी नुसती तिरकी सरकते, किंवा तळाला पोहोचण्याच्या आधीच सैल पडते. दोरीकडे पाहत राहणे हे म्हणून अत्यावश्यक आहे.

दिवसाच्या प्रहरांप्रमाणे मासा त्याच कडेच्या आतबाहेर होत असतो. पहाटे आणि सायंकाळी, किंवा ढगाळ दिवशी वाऱ्याने पृष्ठभाग खडबडीत झाला असता, तो रानाच्या माथ्यावरून हिंडतो. तेव्हा फिरत्या पात्यांचे आमिष देठांच्या टोकांवरून जलद ओढावे. सूर्य डोक्यावर आला आणि पाणी स्तब्ध झाले की तो आत शिरतो. आणि जेव्हा वायव्येकडून थंड हवेची लाट येऊन आकाश निरभ्र, वारा कोरडा होतो, तेव्हा तो रानाच्या गर्भात असा दडून बसतो की आमिष अक्षरशः त्याच्या नाकावर पडल्याशिवाय तो हलत नाही. अशा दिवशी लहान आमिष, बारीक हालचाल आणि पुष्कळ धीर यांवाचून उपाय नाही. खाड्यांतील कुमुदिनीच्या पानांखाली आणि मिलफॉइलसारख्या वनस्पतींच्या तरंगत्या जाजमाखाली मात्र भर दुपारीही मासा असतो, कारण त्या जाजमाच्या खाली देठ विरळ होऊन छायादार पोकळी तयार झालेली असते. तेथे पोकळ रबरी बेडूक पानांवरून ओढतात; बास पानांसकट उसळी मारतो, आणि घाईने काठी उचलणाऱ्याचे आमिष रिकामे परत येते. क्षणभर थांबून, दोरीला वजन जाणवल्यावरच ओढावे. दोरी विणलेली आणि भक्कम असावी, कारण मासा प्रथम देठांना वेढा घालतो, आणि मग बाहेर काढावयाचे असते ते माशासह त्या रानाला.

सप्टेंबरात रात्री गार होऊ लागतात आणि दिवस आखूड होतात. सर्वांत आधी खाड्यांतील उथळ रान मावळते. कुमुदिनीची पाने पिवळी पडतात, उथळातील देठ शेवाळाने माखून बसतात, आणि तेथील बास मुख्य सरोवराच्या कडेकडे येतो. वरचे पाणी थंड होत होत खालच्या पाण्याइतके जड झाले की थरांमधला पडदा मोडतो आणि वाऱ्याने सरोवर पुन्हा तळापासून ढवळले जाते. तळातील कुजके, गढूळ, वासट पाणी वर येते, आणि त्या आठवडा-दोन आठवड्यांत मासा विस्कळीत होऊन आमिषाला विमुख होतो. सर्व सरोवरे एकाच दिवशी ढवळली जात नाहीत. लहान व उथळ जलाशयांत हे आधी उरकते, मोठ्या व खोल जलाशयांत उशिरा, तेव्हा एका ठिकाणी हा प्रकार चालू असता शेजारच्या तालुक्यात दुसरे सरोवर गाठावे. त्यानंतरचा शरद ऋतू हा मोठ्या माशांचा काळ होय, आणि या काळात एकच नियम पाळला तरी पुरे: उरलेली हिरवळ शोधा. ज्या दिवसांत सरोवराचा बहुतेक तळ तपकिरी झालेला असतो त्या दिवसांत खोल कडेवरचा कूनटेलचा किंवा कॅबेजचा एखादा हिरवा पट्टा, विशेषतः जेथे तो एकदम उतरत्या तळाला लागून असतो, तेथे आसपासचे बास, ब्लूगिल आणि त्यांच्या मागावर असलेले नॉर्दर्न पाईकही एकवटतात. गळाला आलेला देठ हातात घेऊन पाहावा. तो टवटवीत, करकरीत असेल तर तेथेच थांबावे. पाणी दहा अंशांच्या खाली उतरत जाईल तसतसे आमिष पुन्हा वसंतासारखे मंद करावे लागते.

बर्फ धरल्यावर बास खाणे अगदी कमी करतो, पण ते पूर्णतः सोडत नाही. बर्फाला भोके पाडून ब्लूगिल धरणाऱ्यांच्या लहानशा गळाला तो अधूनमधून लागतो, आणि तोही बहुधा अजून हिरव्या असलेल्या कूनटेलजवळच. स्वच्छ बर्फातून प्रकाश झिरपतो तोवर ती वनस्पती थोडाफार प्राणवायू निर्माण करीत राहते. बर्फावर हिमाचा जाड थर बसला की प्रकाश तुटतो, पाने मरतात, कुजतात, आणि बंद झाकणाखालचा प्राणवायू खर्च होत जातो. उथळ व सुपीक सरोवरांत तो इतका उतरतो की वसंतात काठावर मृत माशांचे ढीग लागतात. पूर्वी ज्या रानाने प्राण दिला तेच रान, प्रकाश हिरावला गेल्यामुळे, प्राण घेते.

उन्हाळ्यात या रानावर माणसाचीही नजर असते. मिनियापोलिसच्या पश्चिमेस असलेल्या मिनेटोंका सरोवरात १९८७ साली युरेशियन मिलफॉइल प्रथम आढळली, आणि काही वर्षांत खाड्यांच्या पृष्ठभागावर तिची एवढी गच्च जाजमे पसरली की होड्यांना वाट राहिली नाही. मग कापणीची यंत्रे आणि तणनाशके यांची तजवीज झाली. काठावरील घरमालकांना मात्र मिलफॉइल आणि कॅबेज यांतील भेद नेहमी दिसत नाही, त्यांना सगळेच तण वाटते. मिनेसोटाच्या नियमांनुसार पोहण्यासाठी किंवा होडी लावण्यासाठी पाण्याखालील वनस्पती २,५०० चौरस फुटांपर्यंत हाताने वा साधनाने काढता येतात, त्याहून अधिक काढावयाच्या किंवा रसायन वापरावयाचे तर परवाना लागतो, आणि लव्हाळ्यांसारख्या पाण्याबाहेर डोकावणाऱ्या वनस्पतींना तर परवान्याशिवाय हात लावता येत नाही. ज्या लव्हाळ्यांच्या बुंध्याशी घरटी होतात ती एकदा उपटली की पुन्हा रुजविणे फार कठीण असते. हा नियम कडक आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी जूनच्या आरंभी एखाद्या शांत सकाळी तेथील पाण्यात डोकावून पाहावे.

सरसकट उपटणे आणि विचारपूर्वक कापणे यांत महदंतर आहे. विस्कॉन्सिनमधील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात अतिदाट रान असलेल्या काही सरोवरांत काठापासून खोल पाण्याकडे जाणारे अरुंद पट्टे यंत्राने कापून पाहिले, तेव्हा ब्लूगिल आणि बास या दोहोंच्याही काही वयोगटांची वाढ अधिक वेगाने होऊ लागल्याचे त्यांना आढळले. कारण रानाचे एकंदर क्षेत्र फारसे न घटता त्याच्या कडांची लांबी कितीतरी वाढली होती. कापणी झालेल्या सरोवरावर जाण्याचा योग आला तर गळवाल्याने हे पट्टेच प्रथम धुंडाळावे, विशेषतः त्यांचे खोल पाण्यात उघडणारे तोंड आणि दोन पट्टे एकमेकांना मिळतात तो कोपरा. यंत्र जाऊन पाणी निवळले की बास तेथे येऊन उभा राहू लागतो.